कूलर, माडी आणि इलेक्ट्रॉनिक ड्रम : हेडफोन निवडीचे एक प्रकरण

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा परिसरात दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, त्याला प्रत्यक्ष वाजवल्या जाणाऱ्या संगीताची साथ लागते, आणि त्यामुळे ऑर्गन, तबला व ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचे रबरी पॅडचे इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवणाऱ्या तरुणांची मोठी फळी या पट्ट्यात तयार झालेली आहे. प्रस्तुत प्रकरण अशाच एका ऑक्टोपॅड वादकाचे आहे. हंगामाच्या मानधनातून त्याने नागपूरहून एक जुना इलेक्ट्रॉनिक ड्रम संच विकत आणला. त्यात जाळीचे चार पॅड, रबरी झांजा, पायाने वाजवायचा किक पॅड आणि हे सगळे ज्याला जोडायचे ते, प्रत्यक्ष आवाज तयार करणारे मोड्यूल होते. ध्वनिव्यवस्था भाड्याने देण्याच्या माझ्या व्यवसायामुळे आमची जुनी ओळख होती, आणि कोणत्या कंपनीचा हेडफोन घ्यावा एवढाच प्रश्न घेऊन तो एप्रिलमध्ये माझ्याकडे आला.

या प्रश्नाचे उत्तर दुकानात बसून देता येत नाही, असे माझे मत आहे. इलेक्ट्रॉनिक ड्रमला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. पॅडवर पडलेल्या काडीचा टपटपाट वगळला तर वादकाला जे काही ऐकू येते ते सगळे हेडफोनमधून येते, म्हणजे या वाद्याच्या बाबतीत हेडफोन हा वाद्याचाच भाग असतो. ते वाद्य कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी आणि कोणत्या आवाजांच्या शेजारी वाजणार आहे हे समजल्याशिवाय नुसती नावे सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी आधी त्याच्या घरी गेलो.

घर कौलारू होते आणि त्याला लाकडी पाटांची माडी होती. धानाची पोती एका अंगाला सरकवून संच माडीवर मांडलेला होता. माडीच्या बरोबर खाली आई-वडील झोपत, आणि पलीकडच्या खोलीत धाकटी बहीण नीट परीक्षेचा अभ्यास करीत असे. दिवस शेतात जात असल्यामुळे सराव रात्री नऊनंतरच शक्य होता. माडीच्या खिडकीत लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर बसवलेला होता, आणि एप्रिलमधील विदर्भात तो बंद ठेवून दोन तास वाजवत बसणे कोणालाही जमणारे नव्हते.

तक्रारी आणि त्यांची कारणे

हेडफोनसाठी तोवर केलेले प्रयत्न त्याने मला दाखवले. पहिला प्रयत्न ब्लूटूथ इयरबड्सचा होता. मोड्यूलच्या हेडफोनच्या छिद्रात एक छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर खोचून त्याने ते जोडले होते. गाणी ऐकताना उत्तम वाटणारे हे इयरबड्स वाजवताना निरुपयोगी ठरले होते, आणि त्याचे वर्णन अगदी नेमके होते : “माहा हात पुढं जाते अन् आवाज मांगून येते, भाऊ.”

याचे कारण सरळ आहे. ब्लूटूथमध्ये ध्वनी आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्याने पाठवला जातो आणि कानाजवळ पुन्हा उलगडला जातो. एसबीसी या सर्वसाधारण पद्धतीत या सगळ्याला साधारणपणे १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो आणि त्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे चौपटीत चालणाऱ्या केरव्यात एका काडीचा आवाज कानात पोहोचेपर्यंत दुसरी काडी पॅडवर पडून गेलेली असते. चित्रपट पाहताना हा दोष जाणवत नाही, कारण मोबाईल चित्रही तेवढेच मागे ठेवतो. वाजवणाऱ्याचा हात मागे ठेवण्याची सोय कोणत्याही यंत्रात नाही. ॲप्टएक्स लो लेटन्सी नावाच्या पद्धतीत हा विलंब सुमारे ४० मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो, परंतु त्यासाठी पाठवणारे आणि ऐकवणारे अशी दोन्ही उपकरणे त्या पद्धतीची असावी लागतात. शिवाय सरावलेल्या वादकाला दहा-बारा मिलिसेकंदांचा फरकही हाताला जाणवू लागतो. काही नव्या मोड्यूलमध्ये ब्लूटूथ असते, पण ते बहुधा मोबाईलवरील गाणे मोड्यूलमध्ये घेण्यासाठी असते, मोड्यूलचा आवाज हेडफोनकडे पाठवण्यासाठी नव्हे. जाहिरात वाचून पुष्कळांची येथे फसगत होते. तारेचा हेडफोन ही अट त्यामुळे पहिल्याच दिवशी पक्की झाली.

दुसरा प्रयत्न मोबाईलसोबत मिळालेल्या तारेच्या इयरफोनचा होता. त्यातून आवाज फक्त डाव्या कानात येत होता. इयरफोन खराब आहे असे त्याला वाटले होते, पण दोष मधल्या जोडणीत होता. त्याच्या मोड्यूलचे छिद्र ६.३५ मिलिमीटरचे, तर इयरफोनची पिन ३.५ मिलिमीटरची. दोहोंच्या मधला जोड त्याने बाजारातून आणला होता आणि तो मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, निघाला. माईकसाठी असे मोनो जोड दुकानात सर्रास ठेवलेले असतात आणि दिसायला दोन्ही सारखेच. ओळखण्याची खूण म्हणजे पिनवरील काळ्या पट्ट्या मोजणे : एक पट्टी असेल तर मोनो, दोन असतील तर स्टीरिओ. हा फरक केवळ गैरसोयीचा नाही. स्टीरिओ छिद्रात मोनो पिन घातली की उजव्या बाजूची वाहिनी थेट जमिनीच्या (ग्राउंडच्या) वाहिनीला टेकते, आणि तशा अवस्थेत रोज वाजवल्यास मोड्यूलमधील हेडफोनच्या ॲम्प्लिफायरवर विनाकारण ताण येतो. तो जोड त्याच दिवशी काढून टाकला.

तिसरी तक्रार गुणगुणीची होती. वीज गेली की मोड्यूल इन्व्हर्टरवर चाले आणि कानात एक बारीक, खरखरीत गुणगुण सुरू होई. त्याने याचे खापरही इयरफोनवर फोडले होते. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा होता, आणि अशा इन्व्हर्टरवर ध्वनीची उपकरणे बऱ्याचदा अशीच कुरकुरतात. हेडफोन बदलून हे जाणार नव्हते, त्यामुळे या तक्रारीचा निवडीशी संबंध नाही हे आधीच बाजूला काढले.

खरी काळजीची गोष्ट त्याने सगळ्यात शेवटी आणि सहज सांगितली. सराव संपवून झोपायला गेल्यावर कानात बराच वेळ शीळ वाजल्यासारखे होत असे, आणि कधीकधी ते सकाळपर्यंत टिकत असे. हे कानावर वाजवीपेक्षा जास्त भार पडल्याचे लक्षण आहे. त्यानंतर माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा मुख्य प्रश्न बदलला. आवाज चांगला कोणत्या हेडफोनचा, यापेक्षा कोणत्या हेडफोनमध्ये हा मुलगा आवाज कमी ठेवून वाजवू शकेल, हे शोधायचे होते.

कूलरची कसोटी

माणूस हेडफोनचा आवाज ठरवतो तो खोलीतील गोंगाटाच्या तुलनेत. शांत खोलीत जो आवाज भरपूर वाटतो, तोच कूलर सुरू होताच मिणमिणता वाटू लागतो आणि हात आपोआप बटनाकडे जातो. त्यात रबरी झांजांवर पडणाऱ्या काडीचा टपटपाट असतो. तो वादकाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर होत असल्यामुळे, त्याच्यावर मात करण्यासाठीही आवाज वाढवला जातो. कानावर पडणारा भार हा अशा रीतीने बऱ्याच अंशी खोली ठरवते, आणि हेडफोन खोलीला किती आत येऊ देतो यावर तो अवलंबून राहतो.

माझ्याकडे भाड्याच्या सामानात वेगवेगळ्या प्रकारचे हेडफोन होते. त्यांतील मागून उघडा (बाहेरच्या बाजूला जाळी असलेला) एक, अर्धवट उघडा एक, मागून बंद असलेले दोन आणि कानाच्या आत बसणारे इयरफोन एवढे घेऊन मी रात्री त्याच्या माडीवर गेलो. नुसते बटन कुठे थांबते हे पाहून तुलना करता आली नसती, कारण प्रत्येक हेडफोनची संवेदनशीलता वेगळी असते आणि एकाचा ‘नऊ वाजता’ असलेला काटा दुसऱ्याच्या ‘अकरा’ला बरोबर बसतो. म्हणून पद्धत अशी ठेवली. आधी कूलर बंद करून, प्रत्येक हेडफोनवर त्याने एकच केरवा वाजवत स्वतःला पुरेसा वाटेल तेवढा आवाज लावायचा आणि बटनाशेजारी पेन्सिलीने खूण करायची. मग कूलर पूर्ण वेगात सुरू करून तोच केरवा पुन्हा वाजवायचा आणि आवाज पुन्हा आपल्या मनाप्रमाणे लावायचा. दोन खुणांमधील अंतर म्हणजे त्या हेडफोनमध्ये कूलरने वसूल केलेला कर. बटनाचे फिरणे आणि डेसिबल यांचे प्रमाण सरळ नसल्यामुळे यातून अचूक आकडा निघत नाही, परंतु क्रम स्पष्ट लागतो.

तो क्रम अपेक्षेप्रमाणेच लागला, पण अंतरे माझ्या अपेक्षेपेक्षा मोठी होती. मागून उघडा हेडफोन शांत खोलीत त्याला सर्वांत आवडला होता. झांजा मोकळ्या वाटतात, डोके जड होत नाही, असे तो म्हणाला. कूलर सुरू होताच त्याच हेडफोनवर त्याने बटन जवळजवळ शेवटापर्यंत नेले. अर्धवट उघड्याची स्थिती थोडी बरी होती. मागून बंद असलेल्यांपैकी सैल बसणाऱ्यावर बटन बरेच हलले, घट्ट बसणाऱ्यावर थोडे, आणि कानाच्या आतील इयरफोनवर, रबरी टोक नीट बसल्यानंतर, ते जवळपास हललेच नाही.

या अंतराचा अर्थ काय होतो हे त्याला आकड्यांत सांगणे मला आवश्यक वाटले. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. म्हणजे कूलरमुळे केवळ ९ डेसिबल आवाज वाढवावा लागला तर आठ तासांची मुदत एका तासावर येते, आणि याचा सराव तर दोन तासांचा. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष याहून कडक आहे. ऐकण्याच्या उपकरणांसाठी ती आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरते. हंगामात हाच वादक रात्ररात्र भोंग्यांच्या आणि मॉनिटर स्पीकरच्या तोंडाशी बसतो. तो भार याच खात्यात जमा होतो.

कसोटीतून आणखी एक गोष्ट लक्षात आली. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळण्याची सवय असल्यामुळे तो दुपट्ट्यावरूनच हेडफोन चढवत होता. गादी आणि कान यांच्यामध्ये कापडाची एक घडी आली की हवाबंदपणा मोडतो, बाहेरचा आवाज आत येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आतला खर्ज बाहेर निघून जातो. किक ड्रमचा जीव ५० ते १०० हर्ट्‌झच्या आसपास असतो, आणि तोच भाग अशा फटीतून आधी गळतो. किक ऐकू येत नाही म्हणून तो मोड्यूलमध्ये किकची पातळी वाढवत होता, मग त्यात स्नेअर (कडक, तडतडीत आवाजाचा छोटा ड्रम) बुडतो म्हणून एकूण आवाज वाढवत होता. दुपट्टा काढून तोच हेडफोन लावल्यावर किक पुन्हा जागेवर आली. चष्म्याच्या जाड काड्याही हेच करतात.

निवड

एवढे झाल्यावर नावांकडे येण्यास हरकत नव्हती. आठ-नऊ हजारांच्या आसपास खर्च करण्याची त्याची तयारी होती. मागून बंद, संपूर्ण कान झाकणारा, तारेचा, घट्ट बसणारा आणि मोड्यूलला सहज वाजवता येईल अशा रोधाचा (म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, तो ओहममध्ये मोजतात) हेडफोन, एवढ्या अटी ठरल्या होत्या.

रोधाबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण येथे ‘जास्त ओहम म्हणजे जास्त दर्जा’ असा एक समज पसरलेला आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा नावाजलेला बंद हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रोधांत मिळतो. एखाद्या मोड्यूलने एक व्होल्ट दिला असे धरले, तर ६४ ओहमच्या हेडफोनला सुमारे १५.६ मिलिवॅट शक्ती मिळते आणि २५० ओहमच्या हेडफोनला केवळ ४ मिलिवॅट. बाकी सगळे सारखे असल्यास हा फरक सुमारे ६ डेसिबलचा पडतो. स्टुडिओतील मोठ्या ॲम्प्लिफायरवर त्याने काही बिघडत नाही. स्वस्त मोड्यूलच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर मात्र बटन शेवटापर्यंत नेऊनही ठोक्यात दम येत नाही आणि आवाजाची शिखरे फाटू लागतात. त्यामुळे साधारण ३२ ते ८० ओहमच्या पट्ट्यात राहणे सोयीचे ठरते.

या पट्ट्यातील तीन पर्याय समोर ठेवले. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या कामात असलेला ६३ ओहमचा हेडफोन आहे. संवेदनशीलता चांगली असल्यामुळे तो कमी शक्तीत मोठा वाजतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२० एक्स ४७ ओहमचा आणि खिशाला परवडणारा, तीन मीटरच्या सरळ तारेचा. सेनहायझरचा एचडी २८० प्रो ६४ ओहमचा असून बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो, असा निर्मात्याचा दावा आहे. अशा दाव्यांतील ‘पर्यंत’ हा शब्द वगळून वाचू नये. कोणत्याही बंद हेडफोनची गादी उंच स्वर चांगले अडवते आणि खर्ज फारच थोडा अडवते. काडीचा टपटपाट, पत्र्याची खडखड, पाण्याचा सळसळाट हे कमी होते, तर कूलरच्या पंख्याची घरघर बऱ्यापैकी आत शिरते. तरीही या तिघांपैकी सर्वांत घट्ट बसणारा तोच असल्यामुळे आमची निवड एचडी २८० प्रोवर स्थिरावली.

सक्रिय पद्धतीने गोंगाट रद्द करणारे हेडफोन का नको, असा प्रश्न त्याने विचारला आणि तो रास्त होता, कारण कूलरची एकसुरी घरघर हेच तर त्या तंत्राचे आवडते खाद्य. पण काडीच्या टोकासारखे अचानक येणारे आवाज ते तंत्र तितके पकडू शकत नाही, त्याला बॅटरी लागते, आणि या वर्गातील बहुतेक हेडफोन मुळात ब्लूटूथसाठी बनलेले असतात. तार जोडून ते चालतात, परंतु काहींमध्ये तार जोडल्यावर आवाजाचा पोत बदलतो. त्या किमतीत तारेचा साधा, घट्ट हेडफोन घेऊन उरलेले पैसे ठेवावेत, असा सल्ला मी दिला. ड्रायव्हर (हेडफोनमधील आवाज काढणारा पडदा) ४० मिलिमीटरचा की ५० चा, हा वाद आम्ही घातलाच नाही. त्यावरून खर्जाचा अंदाज लागत नाही.

घट्ट हेडफोन घेतला म्हणून काम संपत नाही, आवाजाची सवयही बदलावी लागते. नवा हेडफोन आल्यावर कूलर मंद वेगावर ठेवून त्याने पुरेसा आवाज लावला, आणि त्या ठिकाणी मी मोड्यूलच्या बटनाशेजारी व्हाइटनरचा एक ठिपका दिला. ठिपक्याच्या पुढे जायचे नाही एवढेच ठरवले. गाण्यासोबत वाजवताना गाणे मोठे वाटले तर ड्रम वाढवण्याऐवजी मोबाईलवरचे गाणे कमी करायचे, आणि मोड्यूलमध्ये झांजांची पातळी दोन घरे खाली आणायची, कारण डोके दुखवण्याचे काम बहुधा झांजाच करतात. तार डाव्या बाजूने निघते ती गळ्यापुढे न ठेवता पाठीमागून नेऊन सदऱ्याच्या कॉलरला चिमट्याने अडकवली, म्हणजे हाय-हॅटकडे (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजेकडे) जाणारी काडी तिच्यात अडकत नाही.

माडीवरची धपधप

हेडफोन येऊन वादकाचे समाधान झाले, पण घराचे झाले नाही. पहिल्याच आठवड्यात त्याच्या वडिलांनी मला गाठून विचारले, “कानाले लावलं त आवाज बंद व्हाले पायजे, मंग खाली हे धपधप काहून येते?”

इलेक्ट्रॉनिक ड्रम घेणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रश्न केव्हा ना केव्हा येतो आणि हेडफोनची जाहिरात त्याचे उत्तर देत नाही. किकच्या पॅडलची दांडी पॅडवर आपटते तेव्हा तो धक्का पॅडच्या पायांतून पाटांत, पाटांतून तुळईत आणि तुळईतून भिंतीत उतरतो. हवेतून जाणारा आवाज हेडफोनमुळे नाहीसा झालेला असतो, लाकडातून जाणारा तसाच राहतो. जाळीचा पॅड काडीचा टपटपाट कमी करतो, पायाच्या धक्क्याचे मात्र तो फारसे काही करू शकत नाही. लाकडी माडी हे तर असा धक्का खाली पोहोचवण्याचे उत्तम साधन, कारण खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर ते मोठ्या डफासारखे ताणलेले असते. शिवाय घट्ट हेडफोन लागल्यापासून वादकाला स्वतःच्या पायाचा आवाज ऐकू येत नव्हता, आणि तो नकळत अधिक जोराने पाय मारू लागला होता. म्हणजे कानांसाठी केलेल्या उपायाने खालच्या खोलीची तक्रार थोडी वाढवली होती.

यावर दोन गोष्टी केल्या. धान ठेवायच्या रिकाम्या बारदान्याच्या घड्या एकावर एक रचून, त्यावर प्लायवूडचा तुकडा ठेवून पॅडल आणि किक पॅड त्यावर मांडला. त्यामुळे थोडा फरक पडला, पण बारदाना दबून गेल्यावर तोही ओसरला. दुसरा उपाय खरा ठरला : संच माडीवरून खाली, मागच्या पडवीत हलवला. पडवीची जमीन मातीच्या भरावावर टाकलेल्या काँक्रीटची होती, तिच्याखाली पोकळी नव्हती, त्यामुळे धक्का जमिनीतच जिरू लागला. पोत्यांना माडी मोकळी झाली म्हणून वडीलही खूश झाले. मोड्यूलमध्ये किकची संवेदनशीलता वाढवून पाय हलका ठेवण्याचा सराव त्याने सुरू केला, तो आजही चालू आहे.

पडवीत खिडकीचा कूलर नव्हता. एक उभा पंखा ठेवला. त्याचा आवाज कूलरपेक्षा बराच कमी होता, आणि व्हाइटनरच्या ठिपक्याच्या बरेच अलीकडे त्याचे काम भागू लागले. कानातील शीळ त्यानंतर ऐकू आली नाही, असे त्याने सांगितले. जागा बदलण्याचा निर्णय आधी झाला असता तर कदाचित इतका घट्ट हेडफोन लागलाही नसता, हे मान्य करावे लागेल. पण हंगामात नाटक कंपनीसोबत मुक्कामी असताना, जनरेटरच्या शेजारी बसूनही सराव करावा लागतो आणि तेथे हाच हेडफोन उपयोगी पडणार होता.

मे महिना

कूलर गेला तसा मे महिना अंगावर आला. नवतपाच्या दिवसांत पडवीत रात्री दहालाही अंगाची लाही होत होती, आणि कृत्रिम चामड्याच्या गाद्या कानाभोवती ओल्याचिंब होत होत्या. घामाने गादीचे आवरण लवकर सोलवटते, आणि त्याचे काळे कपचे कानाला चिकटतात. मखमली गाद्यांचा पर्याय असतो. त्यांतून हवा खेळते, पण हवा खेळते म्हणजे आवाजही खेळतो, आणि आपण ज्यासाठी पैसे मोजले तो बंदिस्तपणा कमी होतो. वादकाच्या आईने यावर स्वतःहून एक तोड काढली. जुन्या सुती लुगड्याच्या मऊ झालेल्या कापडाच्या, कडेला बारीक इलॅस्टिक घातलेल्या दोन खोळी तिने शिवल्या. खोळ एकेरी आणि पातळ असल्यामुळे खर्ज अगदी किंचित कमी झाला, दुपट्ट्याच्या घडीइतका नाही. खोळी रोज धुता येतात आणि खालची गादी कोरडी राहते. बाजारात मिळणाऱ्या आवरणांपेक्षा मला ही सोय अधिक पटली.

तरीही भर उन्हाळ्यासाठी कानाच्या आतील तारेचे इयरफोन हाच चांगला पर्याय होता, असे मी त्याला सुरुवातीलाही सांगितले होते. रबरी किंवा फोमचे टोक कानाच्या नळीत नीट बसले तर ते कान झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनइतका, कधी त्याहून जास्त आवाज अडवते. उदाहरणार्थ, शुअरच्या एसई२१५ साठी निर्माता ३७ डेसिबलपर्यंतचा दावा करतो. डोक्यावर वजन नाही, दुपट्टा बांधता येतो, चष्म्याची अडचण नाही. त्याचा नकार कानाच्या नळीत काही घालण्याला होता, कारण मागच्या पावसाळ्यात त्याच्या कानात बुरशी झाली होती. अशा कानात दमट हवेत रोज दोन तास रबर कोंबणे योग्य नव्हते, आणि येथे ध्वनीच्या हिशेबापेक्षा डॉक्टरांचा शब्द मोठा मानणे भाग होते. कान पूर्ण बरा असल्याची तपासणी करून घेतल्याशिवाय आतील इयरफोन घ्यायचे नाहीत, असे ठरले.

या निवडीची चर्चा झाल्यावर जवळच्या गावातील आणखी एका वादकाने तोच हेडफोन मागवण्याची तयारी केली, तेव्हा त्याला मी थांबवले. त्याच्याकडे संच नाही, फक्त ऑक्टोपॅड आहे. पायाचा धक्का नाही, पण कडक रबरावर तो जाड काड्यांनी जोरात वाजवतो, आणि त्याच्या खोलीत कूलरही नाही. त्याला अडवायचा आहे तो स्वतःच्याच काड्यांचा उंच, कोरडा टपटपाट. तो भाग साधारण कोणताही नीट बसणारा बंद हेडफोन चांगला अडवतो, म्हणून त्याला खिशाला परवडणारा हलका हेडफोन पुरेसा आहे. जोडीला पॅडवर पातळ रबराची चकती टाकून आवाज मुळातच कमी करता येईल. ढोलकीवाल्याशेजारी बसून वाजवणाऱ्या तिसऱ्या एकाला मात्र व्हिक फर्थच्या एसआयएच प्रकारासारखे, मुळात ध्वनिक (विजेशिवायचे, साधे) ड्रम वाजवणाऱ्यांसाठी बनवलेले, सुमारे २५ डेसिबल अडवण्याचा दावा असलेले हेडफोन पाहायला सांगितले आहे. तो चष्मा लावतो, त्यामुळे विकत घेण्यापूर्वी चष्म्यासह लावून, तोच केरवा वाजवून, खर्ज टिकतो का हे पाहण्यासाठी तो दिवाळीआधी माझ्याकडे येणार आहे.